भाकर मागणं आणि काम मागणं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला ‘मंदी, दुष्काळ आणि सरकारची मदत’ हा विषय दिला. आम्ही सातवी झालो आणि सूतगिरणीला लागलो. पुढचं जे काही शिकलो ते रात्रपाळी नसेल त्या दिवशी, याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा बोलण्यात कुठं चूक झाली तर सांभाळून घ्यावं.

आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं की ते साल सांगत नाहीत, ‘बाहत्तरच्या दुष्काळात मी एवढी होते’ असं सांगतात. १९७२ सालचा तो दुष्काळ. आपला जिल्हा तेव्हा उस्मानाबाद, आणि लातूरही त्यातच होतं. ते १९८२ ला वेगळं झालं, आणि जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं २०२३ ला. आम्ही त्या दुष्काळात दोन वर्षांचे. खडी फोडायच्या कामावर बाभळीला बांधलेल्या झोळीत आमचं बालपण गेलं, असं आई सांगायची. सरकारी कामावर मिळणारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो, ही दोन नावं आजही वस्तीतल्या कुठल्याही आजीपुढं काढा, तासभर बोलतील. मिलोची भाकर थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही. पण तिच्यावरच जगलो.

आता कुणी म्हणेल, हा तर दुष्काळ झाला, यात मंदी कुठं आली? तर बघा, पाऊस गेला म्हणजे नुसतं धान्य जात नाही. शेतात काम नाही म्हणजे मजुराला मजुरी नाही. मजुराच्या हातात पैसा नाही म्हणजे शिंप्याकडं, चांभाराकडं, किराणा दुकानात गिऱ्हाईक नाही. दुकानात ज्वारी दिसत असते आणि माणूस उपाशी असतो. १९२९ नंतर अमेरिकेत हेच झालं. १९३३ ला तिथं चार कामगारांमागं एक बेकार होता. साध्या साध्या लोकांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला आणि त्याच्या बायकोला लाखांनी पत्रं लिहिली. कुणी काम मागितलं, कुणी लेकरासाठी जुना कोट मागितला. मग सरकारनं रस्ते, पूल, शाळा बांधायची कामं काढली. पण ती कामं तात्पुरती. मोठी योजना १९३५ ला आली आणि १९४३ ला बंदही झाली.

आपल्या महाराष्ट्रात मात्र एक वेगळी गोष्ट घडली, आणि तिच्यात आपल्या आयाबायांच्या हाताचे फोड आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी, म्हणजे दहांत एक माणूस खडी फोडत किंवा तलावाची माती उपसत होता. त्यांनी नुसती मान खाली घालून माती उपसली नाही. मजुरी वेळेवर द्या, कामं वाढवा म्हणून मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना घेराव घातले. आमच्या आईच्या कामावर पाण्याचे माठ दोन होते. आपला कोणता, हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण मस्टर एकच होतं! एकाच कागदावर एकाखाली एक नावं, आणि आपल्या बायकांची नावं पहिल्यांदा सरकारी कागदावर आली ती तिथं. नवऱ्याचं नाव पुढं लावून का होईना, पण स्वतःची.

काम मागण्याचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ ला सांगली जिल्ह्यात तासगावजवळच्या विसापुरात प्रयोग केला. पुढं रोजगार हमी योजना आली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ हे घोषवाक्य तुम्ही भिंतीवर वाचलं असेल. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. दुष्काळात दया म्हणून जे मिळत होतं, ते कायद्यानं हक्क झालं.

आता आमच्यावर आलेली वेळ सांगतो. २००३ च्या सुमारास आम्ही होतो ती गिरणी बंद पडली. गिरणीचं नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. थकलेला पगार राहिला, फंडाचे पैसे अडकले, युनियन कोर्टात गेली. पाऊसही धड नव्हता. आम्ही पंधरा-वीस कामगार वस्तीत पारावर बसून राहायचो. तालुक्यात हमीचं काम काढता येईल हे आम्हाला ठाऊक होतं. तरी सहा महिने एकानंही अर्ज केला नाही. का? तर लाज. गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस पाटी उचलणार? आणि त्याहून खोल एक गोष्ट होती. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, उष्टे तुकडे उचलायचे सोडा. आमच्या आज्यानं त्यानंतर कधीतरी दारोदार भाकर मागायची सोडली, वळचणीला बसायचं सोडलं. त्यामुळं ‘मागणं’ हा शब्दच आमच्या घरात शिवीसारखा. सरकारच्या दारात मागायला जायचं म्हणजे पुन्हा तेच, असं आम्हाला वाटायचं.

आमच्यातल्याच एका आजीनं आमची ही गाठ सोडवली. बाहत्तरला तिनं तलावावर दोन वर्षं काढलेली. पारावर येऊन म्हणाली, “भाकर मागायची सोडा म्हणून बाबानं सांगितलं. काम मागायचं सोडा म्हणून कुणी सांगितलं रं तुम्हाला?”

आम्ही गप्प. त्याच रात्री एकानं जुनी पगाराची चिठ्ठी काढली. तिच्यात दर महिन्याला कापलेला एक आकडा होता, व्यवसाय कर. हा कर महाराष्ट्रात १९७५ ला आला तो हमीच्या कामांना पैसा उभा करायलाच, आणि सरकारनं त्यात तेवढीच भर घालायची असं ठरलं. म्हणजे वर्षानुवर्षं आमच्याच पगारातून ती कामं चालत होती, आणि आम्ही लाजत होतो. चिठ्ठी वाचता येत होती, पण वाचली नव्हती. स्वतःला शिकलेले समजणाऱ्यांची ही गत!

पहिल्यांदा गेल्या त्या बायकाच. आम्ही फक्त अर्ज भरून दिले. कार्यालयात सांगितलं, “तोंडी सांगून जा, काम निघालं की कळवू.” दुसऱ्या खेपेला साहेब नव्हते. तिसऱ्या खेपेला आजी दारातच बसली, “तारीख टाकून पोच दे, मग उठते.” पोच मिळाली. पंधरा दिवसांत काम नाही निघालं, ते चौथ्या आठवड्यात निघालं, नाल्याच्या बांधाचं. भत्ता काही मिळाला नाही. पहिलं मोजमाप कमी लावलं, तेव्हा टेप घेऊन आम्ही स्वतः चर मोजले आणि लेखी हरकत दिली. मजुरी दीड महिन्यानं आली, पण दुरुस्त होऊन आली. चौथ्या दिवशी आम्ही पुरुषही कामावर गेलो, हेही सांगायला पाहिजे. हातमोजे घालून गेलेला एक जण अजून ऐकून घेतोय. तो बांध अजून आहे, पाऊस झाला की पाणी थांबतं.

नंतर कायदे बदलले. २००५ ला केंद्रानं देशभरासाठी शंभर दिवसांचा कायदा केला. २०२५ च्या डिसेंबरात संसदेनं त्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर केला, त्यात सव्वाशे दिवस लिहिलेत. दिवस वाढले म्हणून आम्ही टाळ्या वाजवणार नाही, आणि नाव बदललं म्हणून रडणारही नाही. आम्ही बघतो ते एवढंच, की बाई कागद घेऊन गेली तर पोच मिळते का. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून आपली कितीतरी पोरं पायी, टेंपोनं परत आली. त्यांच्यात आम्हाला आमचाच पार दिसला. “काका, पदवी घेऊन माती उपसू का?” असं एक जण म्हणाला. त्याला आम्ही म्हणालो, बाबा, उपसू नको, पण तुझ्या आईचा अर्ज तरी भरून दे. तो भरायला बसला, आणि त्या आठवड्यात त्यानं वस्तीतल्या एकोणीस जणींचे अर्ज भरले. त्यातल्या दोघी नवऱ्यामागं एकट्या राहिलेल्या, त्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

अशा भगिनी आजही या मंडपात बसल्या असतील. येत्या रविवारी सकाळी नऊला वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर टेबल टाकणार आहोत. आधार, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन यावं. ज्यांचे खात्याचे पैसे अडकलेत त्यांनी मागच्या अर्जाची पोच असेल तर तीही आणावी, फाटकी असली तरी चालेल. दहावी-बारावीच्या पोरापोरींनी लिहायला बसायचं आहे. पेन आणि कार्बन पेपर आम्ही आणतो.

जयभीम.