ओलोकुनचं मस्तक

नायजेरियाच्या नैर्ऋत्येला इफे नावाचं शहर आहे. जगाची सुरुवात इथूनच झाली, असं योरुबा लोक मानतात. तिथलं एक धातूचं मस्तक आज आपण पाहू या. चित्र समोर नाही, तेव्हा मी सांगेन तसं ते मनात उभं करा.

आकार जवळपास माणसाच्या डोक्याएवढा. माथ्यावर मण्यांचा मुकुट, कपाळावर उभा तुरा. चेहराभर कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरणाऱ्या बारीक, समांतर रेषा. ओठांना कडेनं हलकी उठावदार रेघ. डोळ्यांपाशी थोडं थांबा. वरची पापणी बाहेरच्या कोपऱ्यात खालच्या पापणीवर किंचित चढते. इफेच्या कलावंतांची ही लकब लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडेल.

१९१० साली जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनिअसला हे मस्तक समुद्रदेवता ओलोकुनच्या राईत दिसलं. पाहून तो भारावला, पण आफ्रिकी हातांनी हे घडवलं असेल हे त्याला पटेना. त्यानं सरळ दंतकथेतल्या बुडालेल्या अटलांटिसशी नातं जोडलं. मला याचा आजही राग येतो, कारण उत्तर तिथल्याच मातीत होतं. इफेला भाजलेल्या मातीची मस्तकं सापडत होती. तेच ओठ, त्याच पापण्या, अनेकांवर त्याच रेषा. आणि १९३८मध्ये राजवाड्याजवळच्या वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना धातूची मस्तकं एकामागून एक निघाली, तेव्हा परक्या कलावंताला जागाच उरली नाही.

ओलोकुनच्या मस्तकावर मात्र दुसरं संकट आलं. फ्रोबेनिअसनं ते मिळवलं होतं, पण इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला ते परत करायला लावलं होतं. १९४९ साली शिल्पकार लिओन अंडरवुड आणि ब्रिटिश म्युझियमचे विल्यम फॅग यांनी जाहीर केलं की इफेमधलं मस्तक मूळ नव्हेच, वाळूच्या साच्यात ओतलेली अलीकडची नक्कल आहे. मग मूळ कुठे गेलं? फ्रोबेनिअसवर संशय गेला आणि मस्तकाची किंमत उतरली.

हा वाद समजायला ओतकाम समजून घ्यावं लागतं. आधी मातीचा गाभा करतात, त्यावर मेणाचा थर देतात. चेहरा आणि त्या बारीक रेषा मेणातच कोरायच्या. वरून मातीचं लिंपण, मग भट्टी. मेण वितळून वाहून जातं, रिकाम्या जागी तापलेला धातू ओततात. शेवटी साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक काम एकमेव. वाळूच्या साच्यात तयार वस्तूचा ठसा घेता येतो, पण त्यात कडा बोथट होतात.

ब्रिटिश म्युझियममध्ये २०१०च्या इफे प्रदर्शनाच्या निमित्तानं या मस्तकाची प्रयोगशाळेत नव्यानं तपासणी झाली. संशोधक पॉल क्रॅडक आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये निष्कर्ष मांडला: नक्कल नाही, हे मध्ययुगीन मूळ कामच आहे. धातू पितळ आहे; पुस्तकांतून ‘कांस्य’ म्हणण्याची सवय पडली आहे, एवढंच. इफेची काही मस्तकं तर जवळजवळ शुद्ध तांब्याची आहेत, आणि तांबं ओतणं पितळेपेक्षा कितीतरी अवघड.

घडवणाऱ्याचं नाव कुठे कोरलेलं नाही. इफेची परंपरा मात्र ओतकामाची विद्या राजा ओबालुफॉनशी जोडते आणि शुद्ध तांब्याचा एक मुखवटा आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो. इफेच्या मस्तकांची छायाचित्रं कधी हाती आली, तर तो मुखवटा आणि हे मस्तक शेजारी ठेवा आणि पापण्यांचा बाहेरचा कोपरा आधी पाहा.