भुंकणारा श्वान आणि त्याचा धनी

भुंकणे हा श्वानाचा दुर्गुण, असे पुष्कळांस वाटते. परंतु कित्येक जातींत तो मनुष्यानेच जोपासलेला गुण होय. जर्मनीतील डॅक्सहुंड बॅजर नामक प्राण्याच्या बिळात शिरे आणि त्याच्या भुंकण्यावरून वर उभ्या असलेल्या शिकाऱ्यास ठाव कळे. इंग्लंडातील बीगल सशाचा माग लागताच आवाज उठवी. आज तेच श्वान सदनिकेत दिवसभर कोंडले जातात आणि त्याच आवाजापायी मार खातात. धन्याने उलट ओरडू नये. श्वानास ती साथच वाटण्याचा संभव असतो. भुंकण्याचे कारण शोधावे, त्यास रोज भरपूर फिरवावे, रस्त्याकडील खिडकीस पडदा लावावा आणि तो गप्प होताच तत्क्षणी खाऊ द्यावा. पिढ्यान्‌पिढ्या बाणविलेला गुण आवरावयास त्यास काही आठवडे देणे न्याय्यच होय.