इतिहासातला ‘जर’ आणि चळवळीतला ‘तर’

(पक्षकार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते,’ असे म्हणून जर-तरचे बोलणे थट्टेवारी नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. इतिहासाचे अभ्यासकही बहुधा त्याच मताचे असतात. तरीही हा मोह कोणालाच सुटलेला नाही. थोरले माधवराव ऐन तारुण्यात गेले नसते तर, हा प्रश्न मराठी माणूस दोन शतकांहून अधिक काळ विचारीत आला आहे. आणि सभा आटोपल्यावर कार्यालयातल्या सतरंजीवर बसून आपण कार्यकर्ते तरी दुसरे काय बोलतो? अमुक नेता आणखी दहा वर्षे जगला असता तर, तमक्याला त्या वेळी उमेदवारी मिळाली असती तर!

आज मी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांविषयीचे असे तीन ‘जर’ आपल्यापुढे ठेवणार आहे. अमेरिकाच का, असे कोणी विचारील. त्या देशाच्या घटनेने एका माणसाच्या हाती ठराविक मुदतीसाठी प्रचंड सत्ता दिली आहे, आणि तो माणूस मेला तर उपराष्ट्राध्यक्ष आपोआप त्याच्या जागी बसतो. संसदीय पद्धतीत पक्ष नवा नेता निवडतो. तिथे तशी सोय नाही. त्यामुळे योगायोगाला तिथे फार मोठा वाव आहे. व्यक्ती मोठी की परिस्थिती, हा आपला जुना वाद तपासून पाहण्यास ह्याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

पहिला ‘जर’ आपल्याला सर्वांत जवळचा. २० जुलै १९४४ ची रात्र. शिकागो स्टेडियममध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची उमेदवारी चौथ्यांदा ठरली होती. प्रश्न होता उपराष्ट्राध्यक्षपदाचा. रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळत आहे, हे पक्षातील वरिष्ठ जाणून होते. दुसऱ्या जागेसाठी निवडलेला माणूस उद्या पहिल्या जागी बसेल, हे त्यांना दिसत होते. आणि त्या जागेवर तेव्हा हेन्री वॉलेस होते.

वॉलेस आयोवा राज्यातले. मक्याच्या संकरित बियाण्यावर त्यांनी स्वतः प्रयोग केलेले. १९३३ पासून १९४० पर्यंत ते शेतीखात्याचे मंत्री होते. येणारे शतक सामान्य माणसाचे असले पाहिजे, असे त्यांनी मे १९४२ मधील भाषणात सांगितले आणि त्या भाषणाचे पडसाद जगभर उमटले. आशियातील वसाहतींना स्वातंत्र्य मिळाले पाहिजे, असे मांडणारी पुस्तिका त्यांनी १९४४ साली लिहिली, तेव्हा ब्रिटिश राज्यकर्ते संतापले. असा माणूस दक्षिणेतील वर्णभेदवाद्यांना नको होता आणि शहरोशहरीच्या पक्षयंत्रणेच्या मुखत्यारांनाही नको होता.

त्या रात्री मात्र सज्ज्यांतून आणि प्रतिनिधींतून वॉलेस यांच्या नावाचा गजर सुरू झाला. फ्लॉरिडाचे सिनेटर क्लॉड पेपर वॉलेस यांचे नाव सुचविण्यासाठी गर्दीतून व्यासपीठाकडे निघाले. ते तिथे पोचण्यापूर्वीच अध्यक्षांनी तहकुबीचा ठराव पुकारला आणि तो आवाजी मतांनी मंजूर झाल्याचे जाहीर करून टाकले. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस यांना ४२९.५ आणि मिसूरीचे सिनेटर हॅरी ट्रूमन यांना ३१९.५ मते पडली. जिंकण्यास ५८९ हवी होती. पण रात्रभरात सौदे झाले होते. दुसऱ्या फेरीअखेर ट्रूमन यांची मते १०३१ झाली आणि वॉलेस १०५ वर आले. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट वारले. ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला हिरोशिमावर बॉम्ब पडला.

पेपर त्या रात्री व्यासपीठावर पोचले असते तर? बॉम्ब पडला नसता, शीतयुद्ध झाले नसते, अमेरिकेतील कामगार चळवळीची पीछेहाट झाली नसती, अशी माळ अनेकांनी गुंफली आहे. तरुणपणी मीही ती गळ्यात घालून फिरलो आहे. ती काढून ठेवण्यापूर्वी आपण दुसरे दोन ‘जर’ पाहू.

१५ फेब्रुवारी १९३३ रोजी मायामी शहरातील एका बागेत जुझेप्पे झांगारा नावाच्या बेकार गवंड्याने रूझवेल्ट यांच्यावर पिस्तुलातून पाच गोळ्या झाडल्या. रूझवेल्ट बचावले, शिकागोचे महापौर अँटन सरमॅक यांना गोळी लागली व त्यात त्यांचा अंत झाला. शपथविधीला अवघे सतरा दिवस उरले होते. नेम साधला असता तर टेक्ससचे जॉन गार्नर राष्ट्राध्यक्ष झाले असते. पुढे कारखान्यात ठिय्या देणाऱ्या संपकऱ्यांविरुद्ध उभे राहिलेले हेच ते गार्नर. फिलिप डिक या लेखकाने १९६२ साली ह्याच कल्पनेवर कादंबरी रचली: रूझवेल्ट गेले, अमेरिका दुबळी राहिली आणि महायुद्ध जर्मनी व जपान यांनी जिंकले.

इथे मान्य केलेच पाहिजे की व्यक्तीने फरक पडतो. सारे काही उत्पादनसंबंधच ठरवितात, व्यक्ती हे निव्वळ बुजगावणे, असे म्हणणाऱ्या आपल्या पोथीनिष्ठ मित्रांना मायामीतील त्या गोळीचे उत्तर देता येत नाही. पण दुसरी बाजूही पाहा. १९३२ च्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्या पक्षाचा जाहीरनामा सरकारी खर्चात २५ टक्के काटछाट करण्याचे वचन देत होता. वृद्धांना निवृत्तिवेतन, बेकारांना विमा ही मागणी घेऊन त्या निवडणुकीत उतरले होते ते समाजवादी पक्षाचे नॉर्मन टॉमस, आणि त्यांना सुमारे पावणेनऊ लाख मते मिळाली. मग १९३४ साली टोलेडो, मिनिआपोलिस, सॅन फ्रान्सिस्को पेटले. कापडगिरण्यांतील लाखो कामगार संपावर गेले. त्यानंतर, १९३५ च्या जुलैत कामगारांना संघटनेचा हक्क देणारा वॅगनर कायदा आणि ऑगस्टमध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. गोळी चुकल्याने माणूस वाचला. त्या माणसाला डावीकडे वळविले ते संपकऱ्यांनी. वळेल असा माणूस तिथे असणे हा योगायोग होता, वळविणारे असणे हा योगायोग नव्हता.

तिसरा ‘जर’ आणखी मागे, १८७६ सालचा. डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन यांना लोकांची अधिक मते मिळाली; निर्वाचक मते १८४, विजयाला एकच कमी. रिपब्लिकन रदरफर्ड हेज यांना १६५. उरलेल्या २० मतांवर वाद. काँग्रेसने पंधरा जणांचा आयोग नेमला आणि त्याने आठ विरुद्ध सात अशा मतांनी वीसच्या वीस मते हेज यांच्या पदरात टाकली. त्या बदल्यात दक्षिणेतील राज्यांच्या कारभारास आधार देणारी संघराज्याची फौज मागे घेण्याचा समझोता झाला, असे मानले जाते. फौज गेली, आणि नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय नागरिक जुन्या मालकांच्या तावडीत सापडले. पुढे काही दशकांत त्यांचा मताधिकारही जवळजवळ नष्ट करण्यात आला.

एका मताने इतिहास फिरला, असे इथे वाटते. पण टिल्डन निवडून आले असते तर? त्यांचा पक्ष फौज काढून घ्या म्हणून आधीपासूनच ओरडत होता. फौज तेव्हाही गेलीच असती. त्याच १८७७ च्या जुलैत रेल्वे कंपन्यांनी मजुरी कापली, त्याविरुद्ध प्रचंड संप झाला, आणि दक्षिणेतून माघार घेणाऱ्या हेज यांनी संपकऱ्यांवर संघराज्याचे सैनिक धाडले. टिल्डन स्वतः रेल्वे कंपन्यांचे मोठे वकील! त्यांनी वेगळे केले असते, असे मानण्यास जागा नाही. दोन उमेदवार होते, पण मुक्त झालेला शेतमजूर आणि रेल्वेचा कामगार यांच्यासाठी त्या निवडणुकीत निवड नव्हतीच. त्यांच्यासाठी खरा ‘जर’ मतपेटीपूर्वीचा होता. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी किनारपट्टीवरील जमीन मुक्त कुटुंबांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. लिंकन यांच्या हत्येनंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन त्याच वर्षी मूळ मालकांना परत दिली. कसणाऱ्याच्या पायाखाली जमीन असती, तर फौज गेल्यावरही तो उभा राहू शकला असता.

आता शिकागोकडे परत येऊ. अधिवेशनाच्या त्या आठवड्यात कामगार संघटना कुठे होत्या? औद्योगिक कामगारांच्या मोठ्या महासंघाचे नेते फिलिप मरे वॉलेस यांच्या बाजूने ठाम होते. त्याच महासंघाच्या राजकीय समितीचे प्रमुख सिडनी हिलमन यांनी मात्र वॉलेस यांना पाठिंबा देतादेताच, दुसरी पसंती म्हणून ट्रूमन चालतील, हे सुचविले होते. दक्षिण कॅरोलायनाचे जेम्स बर्न्स हे कामगारविरोधी व वर्णभेदाचे समर्थक. त्यांचे नाव पुढे आले तेव्हा ते संघटित कामगारांनी हाणून पाडले. ह्यातच सारे आले. कामगारांची ताकद नको त्या माणसाला अडविण्यापुरती होती. हवा तो माणूस बसविण्यापुरती नव्हती. पेपर यांची पावले कमी पडली, असे आपण म्हणतो. कमी पडली होती ती ही ताकद.

समजा, वॉलेस राष्ट्राध्यक्ष झाले असते. बॉम्बबाबत त्यांनी काय केले असते, हे सांगणारा मी कोण? कदाचित वेगळे केले असते, आणि तसे असेल तर तो ‘जर’ लाखभर माणसांच्या जिवाएवढा मोठा आहे. तो मी हलका करणार नाही. पण वॉलेस यांना निर्दोष मूर्ती करण्याचेही कारण नाही. १९४४ साली ते सोव्हिएत सैबेरियात मगदानला गेले. तिथल्या श्रमछावण्या त्यांच्यापासून लपविण्यात आल्या आणि ते कौतुक करीत परतले. आपली ती चूक होती, हे त्यांनी १९५२ साली जाहीरपणे लिहिले. चूक कबूल करणारा पुढारी विरळाच, म्हणून त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण ती चूक लहान नव्हती.

देशांतर्गत बाबतीत तर पुरावा आपल्यापुढेच आहे. १९४६ च्या नोव्हेंबरात रिपब्लिकनांनी काँग्रेसची दोन्ही सभागृहे जिंकली. १९४७ साली कामगार संघटनांचे हात बांधणारा टाफ्ट-हार्टली कायदा आला. ट्रूमन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला! प्रतिनिधिगृहाने ३३१ विरुद्ध ८३ आणि सिनेटने ६८ विरुद्ध २५ मतांनी तो मोडून काढला. वॉलेस यांचा नकाराधिकारही असाच मोडला असता. मोडणाऱ्यांत दक्षिणेतील डेमोक्रॅट सभासद मोठ्या संख्येने होते, आणि ते कोणाच्या मतांवर निवडून येत होते? जिथे कृष्णवर्णीयांना मतपेटीपर्यंत फिरकू दिले जात नव्हते अशा मतदारसंघांतून. दक्षिणेत कामगार संघटित करण्याची मोहीम १९४६ साली काढण्यात आली, तीही फसली. १८७७ साली ज्यांना एकटे सोडले, त्यांचे नसलेले मत सत्तर वर्षांनी साऱ्या अमेरिकन कामगारांना महागात पडले. मित्रहो, इतिहासाची थकबाकी अशी व्याजासह वसूल होते.

१९४८ साली वॉलेस नवा पक्ष काढून स्वतः उभे राहिले. दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांना वेगळे बसविणाऱ्या सभेत बोलणार नाही, असा त्यांनी बाणा धरला; त्यांच्यावर अंडी फेकली गेली, तरी ते हटले नाहीत. त्यांना सुमारे ११ लाख ५७ हजार मते मिळाली. वर्णभेदाचा झेंडा घेऊन उभ्या असलेल्या स्ट्रॉम थर्मंड यांना सुमारे ११ लाख ७६ हजार. मते जवळजवळ सारखीच. पण थर्मंड यांना ३९ निर्वाचक मते आणि वॉलेस यांना शून्य! थर्मंड यांची मते दक्षिणेच्या एका पट्ट्यात एकवटलेली होती. वॉलेस यांची जवळजवळ निम्मी मते एकट्या न्यूयॉर्क राज्यातली, आणि उरलेली देशभर विखुरलेली. निवडणूकपद्धतीचा हा अन्याय आहे, हे खरेच. पण पाय रोवून उभी असलेली प्रतिगामी संघटना आणि पाहुण्यासारखी गावोगाव जाऊन आलेली पुरोगामी सदिच्छा यांतला फरकही त्या आकड्यांत आहे.

तेव्हा जर-तरचा विचार करू नका, असे मी म्हणणार नाही. अवश्य करा. मात्र ‘तो माणूस असता तर’ एवढ्यावर थांबू नका. त्या क्षणी आपण कुठे होतो, किती होतो आणि अडविण्यापलीकडे काही घडविण्याची आपली तयारी होती का, हेही विचारा. योगायोग दार उघडतो. आत शिरायला उंबरठ्याशी कोणीतरी आधीपासून उभे असावे लागते.

शेवटी युजीन डेब्ज यांची आठवण सांगतो. महायुद्धाविरुद्ध भाषण केले म्हणून त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून, ९६५३ क्रमांकाचा कैदी म्हणून लढविली आणि त्यांना नऊ लाखांहून अधिक मते पडली. हे डेब्ज कामगारांना सांगत असत की, मी तुम्हांला सुखाच्या प्रदेशात नेऊ शकलो असतो तरी नेणार नाही. कारण मी तुम्हांला आत नेऊ शकलो, तर दुसरा कोणी तुम्हांला बाहेरही काढू शकेल. आपल्या सतरंजीवरच्या गप्पांत पुढच्या वेळी एखादा ‘जर’ निघाला, तर हे बोल आठवावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सभासदनोंदणीची वही घेऊन वस्तीत जावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.