बटण दाबल्यानंतर



बटण दाबलं की फोटो झाला, पुढचं फक्त धुण्याचं काम, असं मी उमेदीची बरीच वर्षं मानत होतो. तो समज मोडला अमेरिकन छायाचित्रकार जेरी युल्समन यांच्या 1969 सालच्या एका चित्रानं. पाण्यावर, मुळांसकट, एक झाड अधांतरी तरंगतंय. चित्राला नाव नाही. त्यांच्या बहुतेक चित्रांना नसतंच. आपल्या धंद्याच्या सवयीनं मी आधी निगेटिव्हमधला जोड शोधला. सापडेना, म्हणून भिंग घेतलं. तरी सापडेना. मग भिंग बाजूला ठेवलं आणि तेव्हा कुठे मी चित्र पाहिलं.

युल्समन 1934 साली डेट्रॉइटमध्ये एका किराणा दुकानदाराच्या घरी जन्मले. रॉचेस्टरमध्ये त्यांना माइनर व्हाइट शिकवायला होते, पुढे इंडियाना विद्यापीठात हेन्री होम्स स्मिथ. 1960 पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे 1998 पर्यंत, ते गेन्सव्हिलला फ्लोरिडा विद्यापीठात शिकवत राहिले. 2022 मध्ये त्याच गावी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या तरुणपणी अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचा शब्द प्रमाण होता: शटर दाबण्याआधीच अखेरची प्रिंट मनात दिसली पाहिजे. युल्समननी विचारलं, पाहणं तिथंच का थांबावं? डार्करूममध्येही मनाला दिसत राहू द्या. याला ते ‘पोस्ट-व्हिज्युअलायझेशन’ म्हणत. मी मराठीत ‘उत्तरदर्शन’ म्हणतो. अ‍ॅडम्सही डार्करूममध्ये जिवापाड कष्ट घेत, हे विसरून चालणार नाही. वाद कष्टांचा नव्हता. निर्णय कधी होतो, याचा होता.

त्यासाठी ते अनेक निगेटिव्ह एका प्रिंटमध्ये जोडत. ही कला तशी जुनी. ऑस्कर रेलँडर यांनी 1857 मध्येच तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य देखावा उभा केला होता. पण त्यांनी तो चित्रकारासारखा आधी योजला आणि मग माणसं उभी केली. युल्समन डार्करूममध्ये शिरताना काय निघणार हे त्यांनाच ठाऊक नसे. मला त्यांचं मोठेपण इथं दिसतं.

त्यांच्या डार्करूममध्ये अर्धा डझनाहून जास्त एन्लार्जर ओळीनं उभे असत. एकात आभाळ, दुसऱ्यात खडक, तिसऱ्यात हाताचे तळवे. एकच ब्रोमाइड पेपर या एन्लार्जरखालून त्या एन्लार्जरखाली जायचा. आभाळ छापताना खालचा भाग पुठ्ठ्यानं झाकायचा, खडक छापताना वरचा. पुठ्ठा पेपरला टेकवला तर कडक रेघ उमटते. म्हणून तो भिंगाजवळ, हवेत, हलता धरायचा. मग आभाळ खडकात कुठं मुरलं ते कळत नाही. ज्यांनी लाल दिव्यात डॉजिंग केलंय त्यांना विचारा, एका पेपरवर हे तीनदा साधायचं म्हणजे काय असतं. मधे काहीच दिसत नाही. सगळं डेव्हलपरच्या ट्रेमध्ये एकदम वर येतं, नाहीतर सगळा पेपर वाया.

आणि वाया जायचेच. वर्षाला शंभरावर चित्रं करून वर्षअखेर जेमतेम दहा त्यांच्या मनाला उतरायची. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 1967 मध्ये त्यांचं एकल प्रदर्शन भरवलं, त्यानंतरही हा हिशेब बदलला नाही.

संगणक आला तेव्हा त्यांनी त्याला नावं ठेवली नाहीत. मॅगी टेलर यांच्याशी त्यांचा संसार होता त्या काळात त्या स्कॅनर आणि फोटोशॉपवर आपली स्वप्नचित्रं रचत होत्या आणि युल्समन डार्करूममध्ये हायपोच्या वासात उभे होते. दोघांची वाट स्वतंत्र, दोघांचीही खरी. म्हणून ‘डार्करूम खरी, संगणक खोटा’ हे भांडण मला या व्यासपीठावरून पुढे न्यायचं नाही.

मला बोलायचंय ते निगेटिव्हबद्दल. युल्समन कॉन्टॅक्ट शीट पसरून तासन्‌तास बसत. बऱ्याच वर्षांपूर्वी टिपलेला दगड आज टिपलेल्या खिडकीजवळ ठेवून बघत. 1982 च्या एका चित्रात घराचा पाया झाडाच्या मुळांत उतरतो. घर एका निगेटिव्हमधलं, मुळं दुसरीतली. दुसरी जपलेली होती, म्हणून पहिलीला मुळं फुटली.

आपण काय केलं? गावोगावचे स्टुडिओ बंद झाले आणि डबेच्या डबे भंगारात गेले. मीही दुकान आवरताना दोन ट्रंका वजनावर देऊन टाकल्या. त्यांत लग्नं होती, जत्रा होत्या, पूर ओसरल्यावरचा आमचा बाजार होता. त्या फोटोंचं काम संपलं, असं मला वाटलं होतं. आज त्या बाजाराची एक निगेटिव्ह मिळावी म्हणून मी काहीही देईन.

म्हणून या संमेलनाकडे माझं एकच मागणं आहे. प्रत्येक जिल्ह्यात आपल्यापैकी दोघांनी बंद पडलेल्या स्टुडिओवाल्यांच्या घरी जावं, माळ्यावरचे डबे उतरवावेत, बटर पेपरच्या पाकिटात एकेक निगेटिव्ह घालून गाव आणि साल लिहावं. माझ्या जिल्ह्याचं काम मी घेतो. दुसरं नाव कोण देतंय, ते मला आज जेवणाच्या सुट्टीत सांगा.