हात पुरला पाहिजे

सन्माननीय अध्यक्ष, ठिकठिकाणाहून आलेले अस्थिशल्यविशारद, फिजिओथेरपिस्ट आणि मुलांना घेऊन वाशीला आलेले आईबाबा, स्वागत समितीतर्फे मी नवी मुंबईत आपलं मनःपूर्वक स्वागत करतो.

मुलांचे हात लांब करायचे म्हटलं की अनेकांना हा दिसण्याचा सोस वाटतो. त्यांनी या मुलांचा एक दिवस पाहावा. एकॉन्ड्रोप्लेझिया या जन्मजात विकारात हातापायांची हाडं आखूड राहतात, त्यातही दंडाचं जास्त. शौचानंतर स्वतःला धुता येत नाही. न्हाताना, वेणी घालताना हात पुरत नाही. अशी मुलगी शाळेत पाणी पिणंच टाळू लागते आणि कारण घरीही सांगत नाही. दंड सात-आठ सेंटिमीटर वाढला, तर तिला न्हाणीघरातून आईला हाक मारावी लागत नाही. या शस्त्रक्रियेचं मोल मी तिथे मोजतो.

सायबेरियातल्या कुर्गानमध्ये गाव्रिल इलिझारोव यांनी १९५०च्या दशकात हाड लांब करण्याचं हे तंत्र विकसित केलं. आपल्याकडे मिरजेत डॉ. जी. एस. कुलकर्णी आणि अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी ते रुजवलं. मुंबई-पुण्याबाहेर हे काम वाढलं, याचा मला अभिमान आहे.

हाड अलगद कापायचं, बाहेरून फ्रेम बसवायची आणि दिवसाला एक मिलिमीटर, तोही पाव-पाव करून चार वेळा, ताणत न्यायचं. मधल्या फटीत नवं हाड धरतं. ऑपरेशन काही तासांचं. पुढचे महिने घरच्यांचे. फ्रेमचे नट फिरवणारी बहुधा आईच. पिनांची स्वच्छता, कोपर आखडू नये म्हणून रोजचा व्यायाम, आणि रेडियल नर्व्ह दुखावून मनगट लुळं तर पडत नाही ना, याकडे लक्ष. नवं हाड घट्ट होईपर्यंत फ्रेम ठेवायची, म्हणून सेंटिमीटरमागे साधारण महिना धरा. आठ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ शाळेचं एक वर्ष.

म्हणून डॉक्टरमंडळींना यजमानाच्या नात्याने विनंती आहे. एक्स-रे लावण्याआधी मुलाला विचारा, ‘तुला कोणतं काम स्वतःचं स्वतः करायचंय?’ फ्रेम किती महिने राहील, शाळा किती बुडेल, खर्च किती, काय बिघडू शकतं, हे त्याला कळेल अशा भाषेत सांगा. तो नको म्हणाला, तर थांबा. आणि दुपारी पालक बोलतील, तेव्हा पहिल्या रांगेत सर्जन बसलेले दिसू द्या.