हाताची मजुरी

श्रोतेहो, आमच्या लहानपणी ईदच्या आधी नानकटाईचे पीठ घरी मळून बेकरीच्या भट्टीवर भाजायला न्यायचे. आता भट्टीच घरात आली आहे. माझी भाची मावा, खजूर, गाजर आणि चॉकलेट केकचा एकेक तुकडा डब्यात घालून विकते. गिऱ्हाईक आधी चाखते, मग वाढदिवसाचा अख्खा केक सांगते. 2011च्या नियमांनी छोट्या घरगुती धंद्यालाही अन्नसुरक्षेची नोंदणी सांगितली. तीही तिने केली. किमतीत मैदा, अंडी, लोणी, वीज, खोका सारे धरते. मजुरी मात्र नाही. “घरचंच काम ना, मामू!” पण चार चवींसाठी चार वेळा मिश्रण फेटायचे, चार भांडी घासायची. डबा लहान, कष्ट अख्ख्या केकहून जास्त! भगिनींनो, हिशेबाच्या वहीत मैद्याच्या आधी आपले तास लिहा.