गच्चीवरचे अनुदान, भिंतीतली झळ

घराच्या वीजबिलाचा मोठा भाग मीटर बसण्याच्या कितीतरी आधी, नकाशा मंजूर होतो तेव्हाच ठरून जातो. पश्चिमेला सहा इंची भिंत, तिच्यात बिनछज्ज्याची मोठी काच आणि डोक्यावर उघडा स्लॅब एवढे जमून आले की त्या खोलीत एसी लागणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दुपारभर तापलेली भिंत आपली उष्णता आत सोडते ती दिवेलागणीनंतर. मे महिन्यात रात्री नऊला आतल्या गिलाव्यावर हात ठेवला तरी ती जाणवते. शाश्वत बांधकामाचा विचार या भिंतीपासून सुरू व्हायला हवा. सरकारी पैसा मात्र सुरू होतो गच्चीवरून.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना’ आली. ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आणि एक कोटी घरांचे उद्दिष्ट असलेल्या या योजनेत छतावरच्या सौर संचाच्या पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० असे कमाल ७८,००० रुपये केंद्राकडून मिळतात. त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी रक्कम वाढत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या आधीच्या टप्प्यात अनुदान सुरुवातीला टक्केवारीवर होते, तीन किलोवॅटपर्यंत ४० टक्के. आता रक्कम ठरीव असल्याने कमी भाव मिळवणाऱ्या ग्राहकाचा फायदा त्याच्याकडेच राहतो, ही सुधारणा खरी. तिची गरजही होती: २०२२ पर्यंत छतांवर ४० गिगावॅट उभारण्याच्या आधीच्या संकल्पापैकी चौथा हिस्साही पुरा झाला नव्हता.

योजनेच्या नावातल्या ‘मोफत’ या शब्दाने मात्र बराच घोळ घातला आहे. एक किलोवॅटच्या संचाला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि तो महिन्याला सरासरी १२० युनिटे देतो. महिन्याला ३५० युनिटे वापरणारे घर घेतले तर महाराष्ट्रातल्या टप्प्याटप्प्याच्या दरांमुळे हिशेब गमतीचा होतो. पहिला किलोवॅट तीनशेच्या वरची महाग ५० युनिटे पुसतो आणि शंभर ते तीनशेच्या टप्प्यातली ७०. दुसऱ्याची सगळी १२० युनिटे याच मधल्या टप्प्यातून जातात. तिसऱ्याच्या वाट्याला मधली १० आणि सर्वांत स्वस्त अशी शंभर युनिटे येतात. उरलेली १० महावितरणच्या वाहिनीत जातात. म्हणजे अनुदान तिसऱ्या किलोवॅटला कमी, आणि बचतही त्यालाच कमी. तरीही पुरवठादार सरसकट तीन किलोवॅटच सुचवतात, कारण ७८,००० चा आकडा जाहिरातीत उठून दिसतो. युनिटे शून्यावर आली तरी स्थिर आकार बिलात राहतोच.

नेट मीटर गेलेली आणि आलेली युनिटे मांडतो आणि उरलेली पुढच्या महिन्यात ओढतो. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्पादन पडते तेव्हा ही शिल्लक कामी येते. परंतु वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो आणि उरलेल्या युनिटांचे पैसे ग्राहक स्वतः देतो त्या दरापेक्षा बरेच कमी मिळतात. कोरड्या थंडीत, पंखे बंद असताना, साठलेली शिल्लक अशी उन्हाळा तोंडावर आला असताना मोडली जाते. एप्रिल-मेमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात. लेखा-वर्षाची सोय ऋतुचक्राच्या आड येते त्याचे हे ठळक उदाहरण आहे. हिशेब सप्टेंबरअखेर मिटवला तर सरकारला फारसा खर्च नाही, ग्राहकाला मात्र मोठा दिलासा मिळेल.

या रचनेत दोन प्रकारची घरे मागे पडतात. पहिले शंभर युनिटांच्या आत राहणारे. त्यांचा दर आधीच कमी असल्याने वाचणारे पैसे थोडे, आणि अनुदान संच चालू झाल्यावर खात्यात येत असल्याने आधी हात रिकामा करावा लागतो. तारणाशिवायच्या कर्जाची सोय आहे, पण ज्याची बचत थोडी त्याला हप्ता जड. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजनेतून हा अडसर ओळखला: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे १७,५०० मिळून स्वतःचा वाटा सुमारे २,५०० रुपयांवर येतो.

दुसरे घर म्हणजे फ्लॅट. गच्ची सोसायटीची, तिच्यावर पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली, डिश अँटेना, आणि पाचव्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या वाट्याला चटईएवढीही हक्काची जागा नाही. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, पण त्याचा लाभ देखभाल खर्चातून, सभासदाला जेमतेम जाणवेल असा पोहोचतो. एकाच संचाची वीज अनेक मीटरांवर वाटण्याची पद्धत दिल्लीने २०१९ मध्येच नियमात बसवली. शहरी महाराष्ट्राची वस्ती पाहता इथे तिच्याइतके तातडीचे काम दुसरे नाही.

आता भिंतीकडे. बांधणारा खर्च करतो आणि बिल राहणारा भरतो, ही हरित बांधकामातली मूळ अडचण. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, मुंबई वगळता, हरित इमारतींच्या ‘गृह’ मानांकनाच्या तीन, चार व पाच ताऱ्यांसाठी अनुक्रमे ३, ५ आणि ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो. हे प्रोत्साहन घसघशीत आहे, आणि ते पूर्णपणे बिल्डरकडे जाते. तारे कागदावर, पंखे घरात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर सरासरी १५ वॅटची मर्यादा सुचवली. हा आकडा फ्लॅटच्या विक्रीपत्रात कार्पेट एरियाशेजारी छापला गेला पाहिजे. गिऱ्हाईक फरशीचा रंग तीनदा पाहते, भिंतीची झळ विचारीत नाही, कारण ती विचारण्याजोगी गोष्ट आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

उपाय महागडे नाहीत. खिडकीवर पुरेसा छज्जा, पश्चिमेला जिना वा न्हाणीघर, गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, भिंतीत पोकळी. लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेल्या उभ्या विटांच्या पोकळ बांधणीत सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि मधली हवा उष्णता अडवते. वाड्यातला चौक आणि कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंती हेच काम करीत आल्या. नव्या घरात पन्नास वर्षे टिकणाऱ्या छज्ज्याला मात्र कुठलेही अनुदान नाही. आधी सावली, मग सौर संच, असा क्रम अनुदानाच्या अटीतच घालता येईल: थंड गच्ची करणाऱ्याला पहिल्या किलोवॅटला थोडे जास्त, न करणाऱ्याला थोडे कमी.

अनुदानाऐवजी करसवलतीचा मार्गही आहे: पुणे महापालिका सौर यंत्रणा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांपैकी एक असल्यास मिळकतकरात ५ टक्के आणि अधिक असल्यास १० टक्के सूट देते. सूट दरवर्षीची असल्याने यंत्रणा चालू आहे का, हे दरवर्षी विचारता येते. एकरकमी अनुदानात ती सोय नाही. धुळीने माखलेले पॅनेल अनुदान घेऊनही निम्मे झोपलेले असू शकते.

शेवटचा प्रश्न पुनर्विकासाचा. मुंबई-पुण्यातल्या जुन्या सोसायट्या पाच-सात वर्षांत इमारत पडणार म्हणून पंचवीस वर्षांचे पॅनेल टाळतात. पण पॅनेल, इन्व्हर्टर आणि लोखंडी सांगाडा उतरवून पुन्हा बसवता येतो. पुनर्विकासाच्या करारात पार्किंग आणि भाड्याबरोबर या संचाची मालकी, उतरवण्याचा खर्च आणि नव्या गच्चीवरची जागा अशी तीन कलमे वाढवली की ही हरकत उरत नाही.